काळं अंग, पिवळा टप

मंडळी, उभ्या गाडीचा फोटो सोपा असं समजून बरेच जण या विषयाकडे येतात. गाडी हलत नाही, लाजत नाही, ‘झालं का?’ म्हणून विचारत नाही. पण गाडीचं अंग म्हणजे बाक असलेला आरसाच. समोरची इमारत, विजेची तार, आभाळाचा पांढरा पट्टा, मध्येच तुमचा लाल टी-शर्ट, सगळं त्यात उमटतं. एचडीआर, म्हणजे कमी-जास्त प्रकाशाचे फोटो जोडून एक फोटो करणं, शिकताना हे आधी डोक्यात असावं लागतं.

उदाहरणाला मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी घेऊ. जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. तिच्या जागी आलेल्या गाड्यांवरही रंग मात्र तोच, खाली काळं अंग आणि वर पिवळा टप. कॅमेऱ्याला छळायचं ठरवून कोणी रंग निवडला असता, तर हाच निवडला असता. दुपारी ती अशी उभी असते की टपावर ऊन, दारांवर सावली आणि मडगार्डाखाली मिट्ट काळोख. टपाला एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) धरलं तर दार, टायर, रस्ता यांचा एकच काळा गोळा होतो. दाराला धरलं तर टप पांढराफटक.

म्हणून ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त प्रकाशाचे तीन फोटो. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/८ ठेवा आणि शटर, म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, तेवढा बदला. १/१२५ सेकंद हा मधला फोटो, १/५०० टप राखणारा, १/३० सावली उघडणारा. दोन-दोन स्टॉपची पायरी, म्हणजे दोन टोकांत सोळापट फरक. अॅपर्चरला हात लावू नका, नाहीतर मागची भिंत एका फोटोत धारदार, दुसऱ्यात मऊ येते आणि तिन्ही नीट जुळत नाहीत. व्हाइट बॅलन्सही (रंगछटेचं सेटिंग) ऑटोवर नको. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर आणि थोडा धीर, बस. गाडी उभी असली तरी वरचं झाड उभं नसतं. पानांची आणि मधून गेलेल्या माणसांची भुतं सॉफ्टवेअर काही अंशी काढतं, सगळी नाही.

युक्ती जुनीच आहे. गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच फोटोग्राफर १८५०च्या दशकात समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी निगेटिव्ह जोडून छाप काढत असे. १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंवरून दृश्यातला सापेक्ष प्रकाश गणिताने कसा काढायचा ते दाखवलं. पण उजेड-काळोखाचा एवढा मोठा पल्ला साध्या पडद्यावर मावत नाही, तो दाबावा लागतो. त्याला टोन मॅपिंग म्हणतात, आणि बहुतेक फोटो तिथेच बिघडतात. टपाभोवती उजळ कडा, पाटीसारखे ढग, आणि काळी गाडी चक्क राखाडी! काळं काळंच राहिलं पाहिजे. मडगार्डाखालचा काळोख कोणाला बघायचाय?

आता आरशाकडे. सावली उघडली की दारातली प्रतिबिंबंही उघडतात. साध्या फोटोत काळ्यात बुडालेली कचऱ्याची पेटी एचडीआरमध्ये दारावर ठसठशीत येते. म्हणजे रचना आधी, ब्रॅकेट नंतर. मी दक्षिण मुंबईतलं बॅलार्ड इस्टेट सुचवतो ते याचसाठी. वास्तुविशारद जॉर्ज विटेटने आखलेल्या तिथल्या इमारती साधारण एका उंचीच्या, एका ओळीत. त्यामुळे इमारत आणि आभाळ यांची सीमा गाडीच्या कुशीवर एक सलग रेघ होऊन बसते. रविवारी कचेऱ्या बंद, रस्ता मोकळा. त्या रेघेकडे बघत हळूहळू खाली बसा. उभं असताना ती एका जागी असते, गुडघ्यावर आलात की सरकते. हेडलाइटपासून मागच्या दिव्यापर्यंत ती न तुटता गेली की थांबा. तीच कॅमेऱ्याची उंची. बहुधा दाराच्या कडीइतकी किंवा थोडी खाली भरते.

लेन्स ७० ते १०० मिलीमीटर घ्या आणि मागे सरा. वाइड लेन्सने जवळून काढलात तर बॉनेट फुगतं आणि डिकी आक्रसते. टपातून विजेचा खांब उगवलेला नाही ना, बघा. गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यासमोर तुम्ही असाल तर चालकाला म्हणा, ‘दादा, स्टेअरिंग जरा उजवीकडे घेता का?’ मग टायरची नक्षी नाही, चाकाची थाळी तुमच्याकडे वळते. दादा बहुतेक वेळा हसून घेतात, कधी भाडं आलं म्हणून निघूनही जातात.

पोलरायझर हा लेन्सवर लावायचा फिल्टर काचेवरची आणि रंगावरची चमक मारतो, क्रोमवर त्याचं फारसं चालत नाही. पण सगळी चमक मारू नका, गाडी प्लॅस्टिकची दिसते. पुढच्या काचेतून आतलं स्टेअरिंग दिसू लागलं की पुरे. तीन फोटो होईपर्यंत मग त्याला हात लावायचा नाही.

आणि एवढा खटाटोप नकोच असेल तर सूर्य मावळल्यावर या. आभाळ आणि रस्ता प्रकाशात जवळ येतात, पुष्कळदा एकच रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) पुरते. हेडलाइट लावले की पुन्हा तीन एक्स्पोजर आलेच. तेव्हा दादांना फक्त पार्किंग लाइट लावायला सांगा.