सगळीकडे आहे म्हणून?

(दृश्य: सेलू, जिल्हा परभणी. ऑनलाइन सेंटर. पीक विम्याची रांग.)

काउंटरवर एक पेनड्राइव्ह येतो, किल्लीसोबत लाल दोऱ्यात ओवलेला. आत ‘सातबारा’ नावाचं फोल्डर. नीट बघा, कोपऱ्यात बारीक बाण आहे. हे फोल्डर नव्हेच, शॉर्टकट आहे. खरं फोल्डर व्हायरसनं लपवलंय. डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग गुमान सातबारा उघडतो. कुणाला शंकाही येत नाही.

सेंटरवाले दादा म्हणतात, “समद्यायकडं विंडोजच हाय. मंग व्हायरसबी त्यालाच येणार की.”

बरोबरच आहे. कापूस जास्त तिथं बोंडअळी जास्त. पण तेवढंच?

२००१ साली निम्म्याहून जास्त वेबसाइट अपाचे नावाच्या सर्व्हर-सॉफ्टवेअरवर चालत. तरी जुलैत ‘कोड रेड’ हा व्हायरस शिरला तो मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या दुसऱ्या, कमी चालणाऱ्या सर्व्हरमध्ये. चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांवर कॉम्प्युटर. २००४ चा ‘विटी’ तर जेमतेम बारा हजार कॉम्प्युटरमागे लागला. तेही कशातून शिरला? फायरवॉलमधून! राखणदाराच्याच घरात चोरी.

पेनड्राइव्हचंच घ्या. पूर्वी तो नुसता लावला तरी विंडोजच्या ‘ऑटोरन’ सोयीमुळे व्हायरस आपोआप चालू व्हायचा. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोज एक्सपी आणि व्हिस्टावरही ही सोय बंद करणारं अपडेट दिलं आणि त्या वाटेची लागण घटली. विंडोज वापरणारे काही रातोरात कमी झाले नव्हते. आता व्हायरसला तुमचं बोट लागतं. म्हणून तो शॉर्टकट.

(दृश्य: जानेवारी. शेतात उभ्या पऱ्हाट्या.)

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्याचा कापूस पोखरला. हंगाम संपला तरी पाणी देऊन फरदड राखली, की अळीला पुढेही खाणं मिळतं. आणि ती बांध ओळखत नाही. ज्यानं वेळेवर पऱ्हाटी उपटली त्याच्याही वावरात येते. त्याच वर्षी मे महिन्यात विंडोजवर ‘वॉनाक्राय’ हा व्हायरस आला. ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते टाकलं नाही, त्यांनी फरदडच राखली म्हणायची.

(दृश्य: पुन्हा सेंटर. स्क्रीनवर अपडेटची सूचना.)

दादा बघतात. बाहेर रांग रस्त्यापर्यंत गेलीय.

“गर्दी सरू द्या,” म्हणतात, आणि ‘नंतर आठवण करा’ वर क्लिक करतात.