गॅस संपत नाही, हे आधी सांगा

मंडळी, मी एसीचं काम करतो. सुरुवात ठाण्याच्या नौपाड्यात केली. तिथे गोखले रोडच्या चहावाल्याला विचारलं तरी माझा पत्ता मिळायचा. पण घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये शेजारच्या दारामागे कोण राहतं हेच माहीत नसतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "चांगला एसीवाला आहे का कुणाकडे?" त्या वेळी कुणीतरी आपला नंबर का द्यावा?

उन्हाळा आला की घरोघरी सांगितलं जातं, गॅस संपलाय, भरावा लागेल. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच फिरत राहतो. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळतोय. गळती न काढता भरला, की थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मी एका घरी कॉपर पाइपच्या नटवर साबणाचं पाणी लावलं. बघता बघता कडेने बारीक बुडबुडे फुगायला लागले. घरच्यांना विचारून फक्त त्या नटचा व्हिडिओ घेतला. दिवाणखाना नाही, दारावरची पाटी नाही. गळती कशी ओळखायची ते बोललो आणि स्टेटसला टाकला. एका ताईंनी तो त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तिथून पुढे गेला.

हेच काम करणारे आपल्यातलेच काही म्हणाले, असं सांगत सुटलास तर धंदा कसा होणार? नुसती गॅस भरायची कामं कमी झाली, खरं आहे. पण "ते बुडबुडेवाले ना तुम्ही?" म्हणून आलेला माणूस दरावरून घासाघीस करत नाही. तरी मी दर आधीच व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये लिहून ठेवतो.

गूगलवरच्या रिव्ह्यूसाठी गिऱ्हाइकाला सूट देऊ नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आपल्याकडे २०२२ पासून भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० हे मानकही आहे. आणि एकाच दिवशी आलेले वीस "बेस्ट सर्व्हिस" लोकांना बरोबर कळतात. घरून काम करत असाल, तर गूगलवर घराचा पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात जाता ते दाखवता येतं. बायकांनी तर ते करावंच.

आता वाईट रिव्ह्यू. वर्तकनगरच्या एका ताईंनी मला एकच तारा दिला: "दोनदा आले, पाणी गळतंच आहे." रागाने लांबलचक उत्तर लिहिलं होतं, ते पुसलं. मग लिहिलं, "ताई, ड्रेन पाइपचा उतार माझ्याकडून चुकला. उद्या दहाला येतो, पैसे नकोत." गेलो, पाइप काढून पुन्हा बसवला, बादलीभर पाणी ओतून दाखवलं. त्यांनी तारा बदलला नाही, खाली फक्त एक ओळ लिहिली: "आले होते, आता गळत नाही." पुढच्या आठवड्यात कासारवडवलीहून एक काका फोनवर म्हणाले, "ती पाइपची भानगड वाचली. शनिवारी याल का?"