एससीआर-625: तबकडीचा तोल

[दृश्य: टेबलावर उघडलेली पेटी. लाकडी तबकडी, लांब दांडा, विटलेली कॅनव्हासची पिशवी.]

हा एससीआर-625. दुसऱ्या महायुद्धात, 1942 पासून अमेरिकी सैन्यानं वापरलेला सुरुंगशोधक. पुढे अठरा इंच व्यासाची प्लायवुडची तबकडी, मागे सहा फुटी दांडा, हाताशी मीटर. ॲम्प्लिफायर आणि बॅटऱ्या पिशवीत, आवाज काढणारा डबा खांद्यावर. उत्तर आफ्रिकेची वाळू या यंत्रानं वीतवीत चाचपली आहे.

हा नग पुण्यात जुन्या बाजारातल्या भंगारातून आला. समोर बसलेत ते काका आयुष्यभर व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचे, रेडिओ दुरुस्त करत आले. त्यांची अट एकच: शोभेसाठी करणार नाही, चालवून दाखवणार.

[दृश्य: तबकडीची खालची बाजू. कॉईलची वेटोळी.]

तबकडीत दोन प्रकारच्या कॉईल आहेत. एकीत सेकंदाला सुमारे हजार आवर्तनांचा प्रवाह सोडलेला. दुसरी ऐकणारी. त्यांची मांडणी अशी, की ऐकणाऱ्या कॉईलपर्यंत पोचणारे परिणाम एकमेकांना खोडून काढतात. आवाज शून्य. खाली धातू आला की हा तोल बिघडतो आणि कानात शिट्टी येते. सहा ते बारा इंच खोलीवरचा लोखंडी सुरुंग त्यामुळे कळत असे.

[दृश्य: ॲम्प्लिफायरचं झाकण निघतं. मेण ओघळलेले कंडेन्सर.]

बॅटरीची पट्टी हिरव्या गंजानं भरलेली. केबलचं रबर वाकवलं की तुकडे पडतात. काका पॉवर देत नाहीत. आधी मल्टिमीटर: कॉईल शाबूत आहे का, व्हॉल्व्हमधली तापणारी तार, फिलामेंट, जोडलेली आहे का. व्हॉल्व्ह चांगले निघाले, आणि इथे काकांचा चेहरा बघा.

डीसी अडवणारे मेणकागदाचे कंडेन्सर मात्र सगळे गळके. एका व्हॉल्व्हच्या प्लेटवरचं, म्हणजे बाहेर देणाऱ्या टोकावरचं, डीसी अशा कंडेन्सरमधून झिरपून पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर, गेलं, की तो व्हॉल्व्ह विनाकारण जास्त प्रवाह ओढत राहतो. कार्बनच्या रेझिस्टरांचा रोधही इतक्या वर्षांत वाढलेला. काहींचा तर मूळ आकड्याच्या दीडपट.

[दृश्य: जवळून. कंडेन्सरची कागदी नळी गरम करून आतलं मेण काढलं जातं.]

नवे कंडेन्सर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले. ते सरळ डाग देऊन बसवता आले असते. काकांनी जुनी नळी रिकामी केली, नवा फिल्म कंडेन्सर आत सरकवला, तोंड पुन्हा मेणानं बंद केलं. बाहेरून सगळं 1942चं. "आतलं सगळं बदलून एक चिप टाकली तरी शिट्टी वाजेल," काका म्हणतात, "पण मग त्याला एससीआर म्हणू नका."

शंभरएक व्होल्टची मूळ बॅटरी आता बाजारात नाही. म्हणून नऊ व्होल्टच्या अकरा बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या.

[दृश्य: पहिल्यांदा स्विच. कर्कश शिट्टी. मीटरचा काटा टोकाला.]

कॉईलला प्रवाह देणारा ऑसिलेटर चालू, ॲम्प्लिफायर चालू, आणि तरीही यंत्र निरुपयोगी, कारण शिट्टी थांबतच नाही. तोल साधायचे दोन नॉब आहेत, एक सिग्नलच्या मापासाठी, दुसरा त्याच्या फेजसाठी, म्हणजे लाट किती पुढेमागे आहे त्यासाठी. दोन्ही टोकापर्यंत फिरवले तरी शून्य येत नव्हतं. केबलजवळ हात नेला की आवाज बदलायचा. म्हणजे केबलभोवतीची धातूची जाळी, शील्ड, तुटलेली. नवी शील्डेड केबल टाकली, आवाज उतरला, पण संपला नाही.

खरा दोष लाकडात होता. कित्येक पावसाळ्यांची ओल पिऊन प्लायवुडचे थर सुटले होते, तबकडी पातेल्याच्या झाकणासारखी वाकली होती. कॉईल जागेवरून केसभर हलली तरी हा तोल जातो. हे यंत्र मुळात जलरोधक नव्हतं. युद्धातही भिजलं की दगा द्यायचं.

[दृश्य: तबकडी सपाट पाटावर, कडेनं शिकंजे.]

ऊन दिलं नाही, हीटर लावला नाही. सावलीत सुकवली, थरांत गोंद सोडला, शिकंज्यात आवळली, मग लाखेचा हात दिला. आता नॉबवर काकांची बोटं बघा. आवाज उतरतोय... आणि शून्य.

[दृश्य: खडकीचा रस्ता. जुन्या छायाचित्रांचा संच.]

खडकी हे बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलाचं, घर. 1941 मध्ये याच दलाच्या 21 फील्ड कंपनीचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी इथिओपियातलं मेतेम्मा पडल्यावर चार दिवसांत 55 मैलांवरची 15 सुरुंगक्षेत्रं मोकळी करवून घेतली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा हे यंत्र अजून आलेलंही नव्हतं.

यंत्र आल्यावरही इटलीतल्या लोहयुक्त मातीनं आणि बॉम्बच्या तुकड्यांनी त्याला गोंधळवलं, लाकडी पेटीतले सुरुंग त्याला जवळपास दिसलेच नाहीत, माणसं पाय गमावत राहिली. 9 एप्रिल 1945 रोजी सेनियो नदीकाठी मराठा लाइट इन्फंट्रीच्या शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून बाहेर आणलं.

[दृश्य: अंगणात चाचणी. पुरलेला लोखंडी तवा.]

इथंही माती सोपी नाही. आपला काळा बेसाल्ट मॅग्नेटाइटनं, म्हणजे चुंबकीय लोहखनिजानं, भरलेला. तबकडी जमिनीपाशी नेताच शिट्टी सुरू झाली, तवा अजून चार हात लांब होता. म्हणून काका तोल हवेत साधत नाहीत, तबकडी जमिनीपासून ठरावीक उंचीवर धरून साधतात आणि तीच उंची पूर्ण फेरीत राखतात. हात किंचित खाली गेला तरी माती बोलू लागते.

[दृश्य: मीटरचा काटा. शिट्टी. माती उकरून तवा निघतो.]

सापडला. जमिनीत जुनी नाणी शोधायला मात्र कुणी हे घेऊन निघू नये. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा ठेवा सापडला तर 1878च्या कायद्यानं तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो.

नॉबच्या खुणा काकांनी झाकणाच्या आत पेन्सिलीनं लिहून ठेवल्यात. बॅटऱ्या काढून वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत, म्हणजे पट्टी पुन्हा हिरवी पडणार नाही.