पुढून ससा, मागून पाखरू

स्क्रीनवर हे जे जनावर दिसतंय ना, त्याचा चेहरा बघितला तर सरळसरळ ससा आहे, मग नजर जरा मागे जाते आणि पाठीवर पंख, मागे पाखराचं शेपूट, आणि आपण परत चेहऱ्याकडे येतो की अरे मगाशी ससाच होता ना? याचं नाव स्क्वाडर. स्वीडनमधे सुंड्सवाल म्हणून शहर आहे तिथल्या म्युझियममधला हा, बनवला १९१८ साली.

किस्सा असा की होकान डालमार्क नावाचा एक शिकारी होता, आणि शिकारी लोक काय काय थापा ठोकतात ते वेगळं सांगायला नको, तर याने सांगून ठेवलेलं की १८७४ मधे मी असलं एक जनावर मारलंय. मग १९०७ मधे वाढदिवसाला त्याला गंमत म्हणून त्या जनावराचं पेंटिंगच भेट मिळालं. ते पुढे गेलं म्युझियमकडे, आणि म्युझियमवाल्याने रुडॉल्फ ग्रानबेरी या टॅक्सिडर्मिस्टला, म्हणजे मेलेल्या प्राण्याचं कातडं वापरून तो जिवंतासारखा उभा करणाऱ्याला, गाठून विचारलं की बाबा हे खरंखुरं करून देशील का. त्याने पुढचा भाग सशाचा घेतला, मागचा कॅपरकेलीचा, म्हणजे तिकडच्या जंगलातला कोंबडीसारखाच पण दांडगा पक्षी, आणि थापेला अंग आलं. वर लॅटिन नाव पण दिलं थाटात.

आता आपल्याला हे काही फार नवीन नाही म्हणा. गडकिल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ बघितलाय आपण, सिंहासारखं अंग, कुठे पंख, पंज्यात हत्ती पकडलेले. पण तिथे दगड आहे, छिन्नी फिरवली की सिंहाला पंख फुटतात. इथे कातडं खरं असतं, म्हणजे कुणीतरी खरं मेलेलं असतं, आणि मला विचाराल तर या कलेची सगळी भानगड तिथेच आहे.

मिनियापोलिस, अमेरिका, २००४. सरिना ब्रूअर, स्कॉट बायबस आणि रॉबर्ट मार्बरी असे तिघं एकत्र येतात आणि मिनेसोटा असोसिएशन ऑफ रोग टॅक्सिडर्मिस्ट्स अशी संघटना काढतात (रोग म्हणजे आजार नाही, इंग्रजीतला rogue, वाट सोडून चालणारा). तिघांची तऱ्हा वेगळी. बायबसला आवडतं रक्तबंबाळ प्रकरण, मार्बरी तर खरं कातडंच वापरत नाही, सॉफ्ट टॉईज घेऊन त्यांची जनावरं करतो (मला स्वतःला त्यात तेवढी मजा येत नाही, पण असो). आणि ब्रूअर, आर्ट कॉलेजात शिकलेली, ती करते ग्रिफिन, म्हणजे गोष्टीतला वर गरुड खाली सिंह असा प्राणी, दोन डोक्यांची पिल्लं, जुन्या काळी सर्कशीबाहेरच्या तंबूत तिकीट लावून दाखवायचे तसली जनावरं.

हे करतात कसं ते बघू, कारण खरी गंमत यात आहे. आपण अजून पेंढा भरलेला वाघ म्हणतो पण पेंढा आता कुणी भरत नाही. प्राणी फ्रीझरमधून काढायचा, चीर घ्यायची आणि ओला मोजा उलटा ओढून काढावा तसं कातडं सोलायचं, मग आतली चरबी आणि मांसाचा कण न् कण खरवडायचा कारण राहिला तर सडतो आणि वरचे केस गळतात. मग मीठ लावायचं, कातडं कमवायचं म्हणजे ते टिकतं. आत फोमचा साचा, डोळे काचेचे, आणि पापणीच्या आत माती, कारण काचेच्या डोळ्यात जीव वाटतो तो डोळ्यामुळे नाही, पापणी त्याच्यावर कशी टेकलीय त्यामुळे. आता साधं हरीण करायचं तर साचा साईजप्रमाणे विकत मिळतो, पण पंखवाल्या खारीचा साचा कोण विकणार, तो स्वतःच कोरायचा. त्यात दोन कातडी दोन जाडीची, सशाचं तर इतकं पातळ की सुई जरा जोरात ओढली की फाटतं, आणि सुकताना दोन्ही आपापल्या हिशोबाने आकसतात, म्हणजे आज चोख दिसणारी शिवण पंधरा दिवसांनी तोंड उघडून बसू शकते. म्हणून जोड घ्यायचा जिथे पुढच्या प्राण्याचे केस मागच्यावर आपोआप पडतील. स्क्वाडरची शिवण सशाच्या केसांखाली लपते, ग्रिफिनमधे उलट, मानेची पिसं खालच्या केसांवर येतात. पंख मात्र अवघड, तारेवर उभे करायचे आणि पंखाचं मूळ पाठीच्या केसांत असं घुसवायचं की आतून उगवलंय वाटलं पाहिजे.

हे इतकं बेमालूम जमू शकतं हे लोकांना आधीपासून माहीत होतं म्हणूनच १७९९ मधे ऑस्ट्रेलियाहून आलेलं प्लॅटिपसचं, म्हणजे बदकासारखी चोच असलेल्या एका खऱ्याखुऱ्या केसाळ प्राण्याचं, कातडं जॉर्ज शॉ या शास्त्रज्ञाने हातात घेतलं तेव्हा त्याला वाटलं की कुणीतरी बदकाची चोच चिकटवून आपल्याला गंडवतंय. बिचारा प्लॅटिपस.

तर मुद्दा कातडं येतं कुठून. ब्रूअर आणि तिची मंडळी यावर ठाम आहेत, कलेसाठी प्राणी मारायचा नाही. रस्त्यावर गाडीखाली आलेला, आपसूक मेलेला, कुणी आणून दिलेला, असेच घ्यायचे. आणि तरीसुद्धा सगळं चालत नाही. अमेरिकेत १९१८ पासून स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे, त्यात तिकडच्या बहुतेक जंगली पक्ष्यांचं मेलेलं अंगच काय, खाली पडलेलं पीसही उचलून घरी ठेवता येत नाही. म्हणजे दिसायला गरुडाचे वाटणारे पंख कोंबडीचे किंवा टर्कीचे निघतात. आणि गंमत बघा, चिमणी चालते! आपली घरातली चिमणी तिकडे बाहेरून नेऊन सोडलेली, म्हणून तिला या कायद्याचं संरक्षण नाही.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे त्यामुळे हा घरी बसून करायचा छंदच नाही. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात टॅक्सिडर्मी सेंटर आहे २००९ पासून, डॉ. संतोष गायकवाडांनी उभं केलेलं, पण तिथे मेलेला वाघ वाघच राहतो, लोकांना बघायला आणि शिकायला.

आणि आता मायामी. एनरिके गोमेझ दे मोलिना. खरं सांगू, नुसती कलाकारी बघितली तर मला हा माणूस मिनियापोलिसवाल्या तिघांपेक्षा सरस वाटतो, त्याचे प्राणी बघताना जोड शोधायचं सुद्धा सुचत नाही. एकेकाची किंमत ८० हजार डॉलरपर्यंत. पण माल कुठला? इंडोनेशिया, थायलंड, फिलिपिन्स, चीन अशा ठिकाणांहून पार्सलं यायची, त्यात नागराज, खवले मांजर, धनेश, ओरांगउटानच्या कवट्या. खवले मांजर आणि धनेश तर आपल्या कोकणातल्या माणसाला पण ओळखीचे, आणि तेच किती उरलेत ते आपण बघतोच. पार्सलं पकडली गेली होती, परमिट लागतं हे त्याला सांगण्यात आलं होतं, तरी मागवणं चालूच. २०११ मधे त्याने गुन्हा कबूल केला, मार्च २०१२ मधे वीस महिन्यांची कैद आणि दंड झाला, आणि त्याच्याकडे होते नव्हते ते सगळे प्राण्यांचे अवयव सरकारजमा.