डोक्यावरचं हेलिकॉप्टर नकाशावर का येत नाही?

मंडळी, आजचा विषय आहे जुहू विमानतळाच्या आसपास सहज उचलून नेता येईल असा एडीएस-बी रिसीव्हर, म्हणजे विमानं स्वतःची जागा सांगत रेडिओवर जे संदेश पाठवतात ते पकडून नकाशावर दाखवणारं यंत्र, कसा जुळवायचा. जुळणी सांगणारच आहे, पण त्याआधी रेंजच्या वेडाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

रिसीव्हर घेतला की जो तो विचारतो, किती किलोमीटर पोचतो? मग गच्चीवर उंच कोलिनिअर (एकावर एक तुकडे रचलेला) अँटेना चढतो, त्याच्या पायथ्याशी ॲम्प्लिफायर बसतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये गेन (सिग्नल किती मोठा करायचा तो आकडा) 49.6 वर, म्हणजे पार टोकाला जातो. सुरतेवरून 35,000 फुटांवर जाणारं विमान दिसतं, आणि जुहूहून उठून समोरून गेलेलं हेलिकॉप्टर दिसत नाही. मग म्हणायचं, त्याचा ट्रान्सपॉन्डर (हे संदेश पाठवणारं यंत्र) बंद असेल. असेलही, पण आधी आपला गेन तपासा!

हिशेब बघा. एक विमान 200 किलोमीटरवर, दुसरं 2 किलोमीटरवर. दोघांची पॉवर सारखी धरली तर अंतरातला फरक 100 पट, म्हणजे सिग्नलच्या ताकदीतला 10,000 पट, डेसिबलमध्ये (डीबी) 40. आपल्या आरटीएल-एसडीआर डोंगलमधला (यूएसबीला लावायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरमधला) सिग्नलचे आकडे करणारा कन्व्हर्टर 8 बिटांचा, त्याचा आवाका जेमतेम 48 डीबी. दूरचा सिग्नल गोंगाटातून वर काढायला गेन ताणलात की जवळचा छताला आपटलाच. 1090 मेगाहर्ट्झवरच्या या संदेशात एक बिट 1 मायक्रोसेकंदाचा असतो आणि पल्स पहिल्या अर्ध्यात आहे की दुसऱ्या, यावरून 1 की 0 ठरतं. डोंगल ओव्हरलोड झाला की पल्सची शेपटी रिकाम्या अर्ध्यातही सांडते, इमारतींवरून परतलेले पडसाद त्यात भर घालतात. दोन्ही अर्धे सारखेच भरलेले दिसले तर तुलना करायची कशाची? 112 बिटांतले काही चुकतात, चेकसम (संदेशाची शेवटची पडताळणी) जुळत नाही आणि डीकोडर, म्हणजे संदेश उलगडणारं सॉफ्टवेअर, तो टाकून देतं. स्क्रीनवर कुठलीही तक्रार उमटत नाही, म्हणून हा दोष लवकर सापडत नाही.

उंच कोलिनिअरचंही तेच. तो आपली ताकद क्षितिजाच्या पट्ट्यात दाबून बसवतो. वरून, जवळून जाणाऱ्याकडे त्याचं लक्ष सर्वांत कमी. जवळच्यासाठी साधा पाव तरंगलांबीचा अँटेना सरस ठरतो.

जुहूला हे सगळं जास्तच बोचतं. 1928 पासूनची ही धावपट्टी. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ उतरवलं ते इथेच. आज इथे मुख्यतः हेलिकॉप्टरं. आणि सांताक्रुझचा मोठा विमानतळ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे जेट विमानांचे दणदणीत सिग्नल दिवसभर. शिवाय गच्च्यांवरचे मोबाइल टॉवर 900 मेगाहर्ट्झच्या आसपास ओरडत असतात. इथे ॲम्प्लिफायर लावणं म्हणजे पैसे देऊन बहिरेपण विकत घेणं. लावायचा तो 1090 चा सॉ फिल्टर, म्हणजे तेवढीच फ्रिक्वेन्सी आत सोडणारा. त्यात दोन-तीन डीबी जातात. जाऊ द्या, इथे ते नकोच आहेत.

घड्याळ दिसतंय मला. जुळणी आता झरझर.

सामान: रास्पबेरी पाय झिरो 2 डब्ल्यू (छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’), त्याला डोंगल जोडायला ओटीजी ॲडॉप्टर, आरटीएल-एसडीआर डोंगल, फिल्टर, 10,000 एमएएचची पॉवर बँक. सगळं मिळून साधारण साडेतीन वॅट खातं, म्हणजे सात-आठ तास निघतात. वायर आखूड आणि जाड घ्या. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि पाय मधेच रीस्टार्ट होतो. अँटेनाची उभी काडी 6.5 ते 6.9 सेंटिमीटर. मॅग्नेटवाला असेल तर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर बसवा. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या ताटाला मॅग्नेट बहुधा चिकटतच नाही. केबल मीटरभर पुरे.

पायच्या मेमरी कार्डावर पाय ओएस लाइट, त्यावर रीडएसबी (हा डीकोडर) आणि टार1090 (हा नकाशा दाखवतो). डोंगल उघडताना ‘क्लेम इंटरफेस’ची एरर आली तर लिनक्सने त्याला टीव्ही ट्यूनर समजून स्वतःचा ड्रायव्हर चढवलाय, तो ब्लॅकलिस्ट करा. फोनचा हॉटस्पॉट लावून पाय त्याला जोडा, म्हणजे नकाशाही येतो आणि पायचं घड्याळही बरोबर लागतं. हॉटस्पॉट 2.4 गिगाहर्ट्झवरच हवा, झिरोला 5 दिसत नाही. रिसीव्हरचे अक्षांश-रेखांश भरायला विसरू नका. जमिनीवरच्या विमानाची जागा त्याशिवाय उलगडत नाही.

गेन 28 पासून सुरू करा. आकडेवारीत -3 डीबीच्या वरचे, म्हणजे छताला टेकलेले, संदेश शेकडा पाचांहून जास्त दिसले की एकेक पायरी उतरा. भारतीय नोंदणीच्या विमानाचा हेक्स कोड (संदेशातला त्याचा ओळख क्रमांक) 80 ते 83 ने सुरू होतो, ओळख पटवायला तेवढं पुरतं. कोड आणि उंची दिसते पण जागा नाही, असं झालं तर त्या विमानात नुसता मोड-एस (जागा न सांगणारा ट्रान्सपॉन्डर) आहे, एडीएस-बी नाही. गेन कितीही फिरवा, जागा येणार नाही. उंचीचा आकडा हवेचा दाब 1013.25 हेक्टोपास्कल धरून काढलेला असतो. त्या दिवशीचा क्यूएनएच (समुद्रसपाटीचा दाब) 1005 असेल तर स्क्रीनवरची उंची खऱ्यापेक्षा सव्वादोनशे फुटांच्या आसपास जास्त.

बॉम्बे हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राकडे निघालेलं हेलिकॉप्टर मधेच नाहीसं झालं तर रिसीव्हर उघडून बसू नका. 50 मीटर उंच गच्चीवरून 3,000 फुटांवरचं हेलिकॉप्टर 154 किलोमीटरपर्यंत दृष्टिरेषेत राहतं, ते 500 फुटांवर आलं की 80 पर्यंतच.

शेवटी, पॉवर बँक थेट उपसू नका. फोनवरून शटडाउन द्या, पायचा हिरवा दिवा विझू द्या, मग वायर काढा. नाहीतर कार्ड खराब होतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून चढवावं लागतं.