चढणीची वाट

मंडळी, मिरग निघाला आणि दोन दणक्याचे पाऊस झाले की आम्ही पोरं बुट्ट्या घेऊन ओढ्याकडे पळायचो. चढणीचे मासे! आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. उन्हाळाभर मलप्रभेच्या डोहात बसलेला मासा पहिल्या गढूळ पाण्याबरोबर ओढ्यात चढतो, ओढ्यातून भाताच्या खाचरात. पोटात गाबोळी असते, ती उथळ पाण्यात सोडायची असते. आणि आम्ही नेमका तोच मासा धरून कालवण करायचो. तेव्हा उपदेश करायला मी आलेलो नाही, पाहिलेलं सांगतो.

गेल्या पावसाळ्यात जांबोटीकडच्या एका मोरीपाशी तासभर उभा होतो. दोन सिमेंटचे पाइप, वर रस्ता. ओढ्याचं सगळं पाणी त्या दोन तोंडांतून सुसाट येतं, खालची माती खरवडतं, खड्डा दरवर्षी खोल होतो. आता पाइपाचं तोंड पाण्याच्या हातभर वर लोंबतंय. बोटाएवढे मासे उड्या मारत होते, कडेवर आपटून परत खड्ड्यात पडत होते. मळ्या नावाच्या माशाचं मात्र वेगळं. त्याच्या तोंडाखाली चकती असते; तिच्या जोरावर तो ओल्या सिमेंटला चिकटून इंच इंच वर सरकत होता. कडेपाशी पोचला, धारेत सापडला आणि गेला खाली. पुन्हा सुरुवात. या माशाचं शास्त्रीय नावही ‘गारा मुल्या’. १८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ते आपल्या लोकांच्या तोंडून उचललं.

धरणं पाडा, असं मी म्हणत नाही. राकसकोप, हिडकलचं पाणी बेळगावच्या नळाला येतं. अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडली, शेवटची २०२४ मध्ये, आणि त्याच ऑक्टोबरात सामन मासा शंभर वर्षांनी वर पोचला. तिथं माशांसाठी वाट करून देण्यापेक्षा धरण पाडणं स्वस्त पडत होतं. आपला हिशेब वेगळा.

आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे, आणि त्याची युक्ती बघा! पावसाळ्याआधी बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायचे, पाऊस ओसरला की घालायचे. म्हणजे दरवर्षी धरण पाडायचं आणि दरवर्षी बांधायचं. पण बर्गे निघतात केव्हा? ऊसवाला म्हणतो, पावसाचा भरवसा नाही, आठ दिवस थांबा. त्याचंही खोटं नाही. फक्त माशाचे तेच आठ दिवस असतात. शिवाय तळाचे बर्गे गाळात रुतले तर कोण उपसत बसतो?

मोरी नव्यानं घालायची असेल तर ओढ्याइतकी रुंद, चौकोनी घाला, आणि तिचा तळ ओढ्याच्या तळाखाली ठेवा. आत गोटे-वाळू साठते, माशाला तो ओढाच वाटतो. जुन्या मोरीखाली मोठे दगड उतरते रचून पायऱ्या करता येतात.

त्या मोरीसाठी पंचायतीत अर्ज दिलाय. कन्नडमध्ये, शेजाऱ्यानं लिहून दिला. परवानगी आली तर मे महिन्यात दगड टाकायचे. ट्रॅक्टर मिळालाय, डिझेलचं तेवढं बघावं लागेल.