खिडक्या, चहा आणि धाकटा पिट

(दृश्य: विटांनी बुजवलेली खिडकी)

चौकट जागेवर आहे, खालची दगडी पट्टीही आहे. आत मात्र विटा. इंग्लंडच्या जुन्या गावांत अशा खिडक्या अजून दिसतात. सगळ्याच करापायी बुजवलेल्या नाहीत. काही नुसता दर्शनी भाग जुळावा म्हणून आंधळ्याच बांधल्या होत्या. पण खिडक्या मोजून कर घेत, हे खरं. कर 1696 पासूनचा. 1784 मध्ये तो वाढवला विल्यम पिटने, म्हणजे धाकट्या पिटने. डिसेंबर 1783 मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो पंतप्रधान झाला होता आणि अर्थखातंही त्याच्याकडेच होतं.

(दृश्य: कुलपाची लाकडी चहापेटी)

चहाला कुलूप, कारण चहावर सरासरी 119 टक्के कर. मालाहून कर जड झाला की चोरटी आयात आलीच, आणि भेसळही. ॲश झाडाची पानं वाळवून भाजायची, पायांनी तुडवून बारीक करायची, हिराकस आणि मेंढीच्या लेंड्या घालून भिजवायची. पुन्हा वाळली की चहात खपली.

पिटने चहाचे व्यापारी रिचर्ड ट्वायनिंग यांचा सल्ला घेतला आणि कर एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला. तूट खिडक्यांवर टाकली. चहा न पिणाऱ्यानेही ती का भरावी, ही कुरकुर तेव्हाही झाली. पण चोरट्या मालातला नफा गेला, आणि कर भरलेल्या चहाचा खप काही वर्षांत दुपटीपलीकडे पोचला.

(दृश्य: इंग्लंडच्या केंटमधल्या डील गावचा गोट्यांचा किनारा, होड्या)

याच किनाऱ्यावर एका कडक हिवाळ्यात चोरटा माल आणणाऱ्यांच्या होड्या वर ओढून ठेवलेल्या असताना पिटने सैनिक पाठवून त्या जाळल्या. शेजारचा वॉल्मर किल्ला 1792 पासून त्याच्याच राहण्याचा.

(दृश्य: पावडर लावलेला विग)

1793 पासून फ्रान्सशी युद्ध. 1795 मध्ये केसांच्या पावडरीवर कर बसला: माणशी वर्षाला एक गिनी, म्हणजे 21 शिलिंग. तेवढ्याने युद्ध कुठलं भागायला!

(दृश्य: हिशेबाची वही, बोरू)

1799 मध्ये प्राप्तिकर आला. वर्षाला 60 पौंडांखाली कमाई असेल तर माफी. तिथून पुढे पौंडामागे 2 पेन्सपासून चढत चढत 200 पौंडांना 2 शिलिंग, म्हणजे दहा टक्के. अंदाज 1 कोटी पौंडांचा, वसुली सुमारे 60 लाख. गोम फॉर्ममध्ये होती. करदाता एकूण उत्पन्नाचा एकच आकडा लिहून देई. जमिनीचं किती, व्याजाचं किती, हे सांगायची सक्ती नव्हती. 1803 मध्ये पिटनंतरचा पंतप्रधान ॲडिंग्टन याने उत्पन्नाचे पाच वर्ग पाडले, कराची बरीच कपात पैसे देणाऱ्याच्याच हातून आधीच करवली. दर निम्मा, वसुली जवळजवळ तेवढीच! कल्पना पिटची, पण ती चालती केली ॲडिंग्टनने.

(दृश्य: कायद्याचं चर्मपत्र)

1784 चा इंडिया ॲक्टही पिटचाच. ईस्ट इंडिया कंपनीवर सहा जणांचं नियंत्रण मंडळ बसलं. हिंदुस्थानात मुलूख जिंकणं या राष्ट्राच्या इच्छेला आणि अब्रूला धरून नाही, असं कलमात स्वच्छ लिहिलं होतं. तरी 1803 मध्ये कंपनीची मराठ्यांशी असईची लढाई झालीच.

(दृश्य: वेस्टमिन्स्टर ॲबी)

23 जानेवारी 1806 रोजी, वयाच्या 46 व्या वर्षी, पटनी इथे पिट वारला. अंगावर 40,000 पौंडांचं कर्ज होतं. ते पार्लमेंटने फेडलं.